दहा माणसे आणि एक वही

(गिरणीकामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आतापर्यंत मोठमोठ्या गोष्टी झाल्या. राज्याच्या झाल्या, सीमेच्या झाल्या, भाषेच्या झाल्या. त्या झाल्याच पाहिजेत. आम्ही मात्र तुमच्यापुढे एक अगदी लहान गोष्ट घेऊन उभे आहोत. इतकी लहान, की ती एका पत्र्याच्या डब्यात मावते. हसू नका, खरोखरच मावते. तो डबा, त्या डब्यातली वही आणि त्या वहीत ज्यांची नावे आहेत ती माणसे, एवढाच आमचा विषय.

आम्ही पुढारी नव्हेत. लालबागच्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची आम्ही माणसे. आमच्यातल्या कुणी साळखात्यात माग चालवले, कुणी रिंगखात्यात तुटलेले धागे सांधले, कुणी बदली म्हणून गिरणीच्या दारात उभे राहून उमेदीची वर्षे काढली. आमच्यातल्या बायकांनी खानावळी चालवल्या. आमच्या गिरणीचा भोंगा कधीच बंद पडला. पण आमचा डबा अजून चालू आहे. तो कसा चालू राहिला ते सांगा, म्हणून आम्हाला बोलावले आहे.

समोर कोण बसले आहे ते आम्हाला दिसते आहे. मुंबईच्या गिरण्यांत आयुष्य काढलेली म्हातारी माणसे आहेत. त्यांची मुले-सुना आहेत. इचलकरंजीचे, भिवंडीचे, मालेगावचे यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणारे आहेत. सूतगिरणीतल्या पोरी आहेत. गावे निराळी, गिरण्या निराळ्या. पण रात्री दोन वाजता घरात माणूस आजारी पडला, की कुणाचे दार ठोठवायचे, हा प्रश्न तुमचा आणि आमचा एकच आहे.

सभा संपते, मग काय?

आपले राज्य सभांनी आणि मोर्चांनी मिळाले, हे आम्ही विसरलेलो नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या सुटल्या. पुढे हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. त्या मोर्चांत सर्वांत दाट फळी गिरणगावची होती. पण ही फळी काय जमिनीतून उगवली? एकेका चाळीतून निरोप गेला, एकेका मजल्यावर चार घरांनी मिळून ठरवले, एकाने दुसऱ्याची पाळी सांभाळली, मोर्चात गेलेल्याच्या पोरांना शेजारणीने जेवू घातले, तेव्हा ती फळी उभी राहिली. मोठी लढाई दिसते. तिच्या मागचे हे घर-घर दिसत नाही. आणि सभा संपून माणसे पांगली, म्हणजे उरते ते हे घर-घरच.

म्हणून आमचे म्हणणे एकच आहे, आणि ते आम्ही आधीच सांगून टाकतो. संकट यायच्या आधी दहा माणसांनी एकत्र बसावे, थोडी वर्गणी काढावी आणि हिशेबाची वही सर्वांसमोर उघडी ठेवावी. नुसत्या प्रेमाने मंडळ चालत नाही. नुसत्या जोशाने तर मुळीच चालत नाही. वही उघडी असेल तर चालते.

लोखंड्यांपासून घ्यायचा धडा

रविवारची सुट्टी आपल्याला कुणी दिली? नारायण मेघाजी लोखंड्यांनी. १८८४ साली त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या, अशा त्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या. लक्षात घ्या, १८९० साली! आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली.

एवढे मोठे काम. त्या पुण्यवान माणसापुढे आम्ही हात जोडतो. पण त्यांच्या संघटनेविषयी १८९२ च्या सरकारी अहवालात एक कडू शेरा आहे. या संघटनेला सभासदांची यादी नाही, फंड नाही आणि नियम नाहीत, असा त्याचा आशय. शेरा साहेबाचा होता, तो आपल्या भल्यासाठी लिहिलेला नव्हता. पण त्यातली गोष्ट विचार करण्यासारखी आहे. प्लेगने १८९७ साली लोखंडे गेले आणि त्यांच्यामागे ती संघटना उभी राहू शकली नाही. दहा हजार माणसे मैदानावर होती. पण यादी नव्हती, फंड नव्हता, नियम नव्हते. सगळा भार एका माणसाच्या खांद्यावर. खांदा गेला, भार खाली आला.

यादी, फंड, नियम. हे तीन शब्द घरी जाताना बरोबर न्या.

आपले वाडवडील काय करीत?

तुम्ही म्हणाल, हे काही नवे नाही. बरोबर आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना हे चांगले कळत होते. कोकणातून, घाटावरून माणूस मुंबईला यायचा तो गावाच्या खोलीवर. एका खोलीत वीस-तीस गाववाले, ज्याची त्याची भिंतीला लावलेली ट्रंक, दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच जागेवर आडवे. खोलीचे भाडे सर्वांचे, देवाचा फोटो सर्वांचा, गावच्या जत्रेची वर्गणी सर्वांची. नवा पोरगा आला की त्याचा गाववाला त्याला मुकादमापुढे उभा करी.

आणि गरज काय होती? पगार मागाहून व्हायचा. पहिल्या पगाराला दीड महिना लागे. तोवर दुकानदार उधार देई, खानावळवाली जेवू घाली, आणि नड पडली की पठाण. पठाणाचा दर होता महिन्याला रुपयामागे एक आणा. ऐकायला किती थोडा! जरा हिशेब करा. वर्षाचे बारा आणे. म्हणजे शंभर रुपयांवर वर्षाला पंचाहत्तर रुपये नुसते व्याज. मुद्दल तिथेच. आजही हा पठाण मेलेला नाही. त्याने काठी टाकली आणि तो मोबाईलमध्ये जाऊन बसला. दोन मिनिटांत कर्ज देतो, आणि हप्ता चुकला की तुमच्या नात्यागोत्याला फोन करून तुमची अब्रू काढतो.

१९२८ चा संप सहा महिने चालला. तो कसा तगला? बरेच कामगार गावी गेले. जे राहिले त्यांना उधारीवर धान्य मिळाले, खानावळी चालू राहिल्या. त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन काही शे सभासदांपासून निघाली आणि वर्षअखेर पन्नास हजारांच्या वर गेली. तिने काय केले? गिरणी-गिरणीत समित्या बांधल्या. वर झेंडा एक, पण खाली प्रत्येक खात्यात ओळखीची चार माणसे. ओळखीच्या माणसाशिवाय एकजूट टिकत नाही, हे त्यांना कळले होते.

आमचा डबा कसा निघाला

आता आमची हकिकत सांगतो. १९८२ च्या संपाच्या आधी तीन-चार वर्षांची गोष्ट. आमच्या मजल्यावरचा एक साळखात्यातला गडी रात्रपाळीहून आला, छातीत कळ आली म्हणाला, आणि उजाडायच्या आत गेला. घरात बायको, तीन पोरे. म्हातारी आई गावाला, रत्नागिरीकडे. मूठमाती गावाला द्यायची, असे घरच्यांचे म्हणणे. गाडीला सातशे रुपये. पहाटे चार वाजता सातशे रुपये आणायचे कुठून? आम्ही मजलाभर फिरलो. महिनाअखेर. सगळ्यांचे मिळून सव्वाशे निघाले. शेवटी कोपऱ्यावरच्या व्याजी पैसे देणाऱ्याला उठवले. त्याने सातशे मोजले, शेकडा दहाने. दर महिन्याला.

त्या बाईने चौदा महिने सत्तर-सत्तर रुपये भरले. किती झाले? नऊशे ऐंशी. आणि मुद्दल सातशे तसेच! हातातल्या दोन बांगड्या गेल्या तेव्हा ते फिटले. आम्ही सगळे बघत होतो. आम्ही काय वाईट माणसे होतो? मयताला खांदा दिला, तेराव्याला राबलो, पोरांना जेवू घातले. माया होती. डबा नव्हता.

पुढच्या रविवारी गॅलरीत अकरा जण बसलो. कुणीतरी म्हणाले, “अहो, आपण दर महिन्याला पाच-पाच रुपये टाकले असते, तर वर्षाचे सहाशे साठ झाले असते. त्या बाईला दारोदार फिरावं लागलं नसतं.” सगळे गप्प. मग एकाने घरातून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. पोराच्या शाळेतली कोरी वही आणली. पहिल्या पानावर अकरा नावे लिहिली. झाले मंडळ. ना हार, ना उद्घाटन, ना पाहुणे.

नव्वद रुपयांची तूट

आता जे सांगणार आहोत ते सांगायला आम्हाला थोडी लाज वाटते. पण तेच महत्त्वाचे आहे.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी डबा उघडला तर नव्वद रुपये कमी. वही बरोबर, डबा कमी. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. तेव्हा आमचा खजिनदारच उभा राहिला. म्हणाला, “मीच घेतले. पोरगा तापानं फणफणला होता, इस्पितळात न्यायला लागला. मागायची लाज वाटली. पगारावर ठेवीन म्हटलं, जमलं नाही.”

मग काय विचारता! एक म्हणाला, काढून टाका. दुसरा म्हणाला, गिरणीत सगळ्यांना सांगा. तिसऱ्याने तर मंडळच मोडायची भाषा केली. तेव्हा आमच्या खानावळवाल्या मावशी बोलल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण तीस माणसांची उधारी त्यांच्या तोंडी होती. त्या म्हणाल्या, “पोराच्या औषधाला पैसे मागायची लाज वाटते, तर असला फंड हवा कशाला? त्याची चूक आहेच. पण नियमाचीबी आहे.”

त्या दिवशी आम्ही दोन नियम केले. पहिला : डब्याला दोन कुलुपे, किल्ल्या दोन घरी, आणि एकट्याने डबा उघडायचा नाही. दुसरा : रात्री-अपरात्री शंभर रुपयांपर्यंत मदत दोन सभासदांच्या सहीने तिथल्या तिथे मिळेल, आणि कारण विचारायचे नाही. खजिनदाराने दर महिन्याला दहा रुपये देऊन नऊ महिन्यांत नव्वद फेडले. त्याचे सभासदत्व राहिले, किल्ली मात्र गेली. तो शेवटपर्यंत आमच्यात होता. त्याच्या मयतीला गावापर्यंत गाडी गेली ती याच फंडातून.

मित्रहो, मंडळे चोरीने फार थोडी मोडतात. संशयाने जास्त मोडतात. आणि संशय कुठे वाढतो? वही बंद असते तिथे. माणूस देव नाही, त्याच्या हातून चूक होणार. चूक लगेच दिसावी आणि दिसली की तीतून नियम निघावा, एवढी सोय करून ठेवली म्हणजे पुरे.

१९८२

१८ जानेवारी १९८२. तारीख सांगायची गरज नाही. अडीच लाख माणूस गिरणीबाहेर पडला. तेव्हा आमच्या मंडळात एकोणीस जण होते आणि फंडात तीन हजारांच्या आसपास. तीन हजारांत एकोणीस घरे किती दिवस जगणार? पावसाळा संपायच्या आत डबा रिकामा झाला. आम्ही तुम्हाला खोटे सांगणार नाही. असा फंड संप जिंकून देत नाही. तो संप कुणी रीतसर मागेही घेतला नाही, आणि हजारो माणसे पुन्हा गिरणीत गेलीही नाहीत.

पण पैसे संपले तरी यादी संपली नव्हती. रोज रात्री आम्ही गॅलरीत बसत होतो. कुणाला गावाला जमीन आहे? त्याने गावी जावे, त्याची खोली आम्ही सांभाळू. कुणाची पोरे दहावीला आहेत? ते घर इथेच राहील. तीन-तीन घरांची चूल एक केली. एकाने हमाली धरली, एकाने भाजी विकली, कुणाच्या बायकोने धुणीभांडी धरली. आणि खानावळवाल्या मावशींची उधारी? ती आम्ही मंडळाच्या वहीत घेतली. प्रत्येकाच्या नावापुढे आकडा. “हे देणं एकेकाचं नाही, मंडळाचं आहे,” असा शब्द दिला. ते फेडायला पाच वर्षे लागली. पण फेडले. मावशींची चूल विझली नाही.

खानावळवाल्या बायकांची ताकद मोठ्या प्रमाणावर प्रेमा पुरव यांनी ओळखली होती. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकट्या बाईला बँक दारात उभी करीत नव्हती. गटाने एकमेकींची हमी घेतली तेव्हा सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळू लागले. गिरणगावाला जेवू घालणाऱ्या बायकांचे नाव आपण घेत नव्हतो. ते घ्यायला लागल्यावर काय होते ते यातून दिसले.

कागदाची गोष्ट

गिरण्या गेल्या, जमिनींचे मोल वाढले, आणि कामगारांना घरे देण्याची गोष्ट निघाली. २०१२ साली गिरणीकामगारांच्या घरांची पहिली सोडत झाली. मग धावपळ. तुम्ही गिरणीत होता याचा पुरावा काय? कुणाचे ओळखपत्र पुरात गेले, कुणाच्या फंडाच्या पावत्या उंदरांनी खाल्ल्या, कुणी गिरणी गेली त्या रागाने सगळे कागद जाळले.

आमच्या डब्यात प्रत्येक सभासदाचे एक पान होते. तिकीट नंबर, खाते, कामाला लागल्याची तारीख, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयचा नंबर. कधीतरी एका सभासदाला लिहिण्याची हौस होती म्हणून ते झाले होते. ती हौस लाखमोलाची ठरली. तिसऱ्या मजल्यावरची एक विधवा बाई आमची सभासद नव्हती. तिच्याकडे नवऱ्याच्या फोटोशिवाय काही नव्हते. पण आमच्यातला एक जण त्याच्या शेजारच्या मागावर अठरा वर्षे होता. त्याला त्याचा तिकीट नंबर तोंडपाठ! त्या नंबरावरून शोध घेत घेत जुना पगाराचा कागद सापडला आणि बाईचा अर्ज उभा राहिला. सोडतीत नाव लागणे आपल्या हाती नाही. पण रांगेत उभे राहायचा हक्क तरी तिला मिळाला.

एकटा कामगार कचेरीत गेला की खिडकीवरचा माणूस म्हणतो, “उद्या या.” दहा जण मिळून गेले, दहा जणांचे अर्ज एकाच दिवशी दिले, दहा पोचपावत्या मागितल्या, की त्याला मान वर करावी लागते. भांडण करावे लागत नाही. यालाच आम्ही चळवळ म्हणतो.

दहा माणसांनी काय होते?

रॉचडेल नावाचे गाव इंग्लंडात मँचेस्टरजवळ आहे. ज्या मुलखातल्या कापडाने आपल्या विणकरांचे माग बंद पाडले, त्याच मुलखातले. पण तिथले विणकर काही सुखात नव्हते. पगारवाढीचा त्यांचा झगडा फसला होता. दुकानदार उधार देई, पण पिठात भेसळ आणि मापात पाप. तेव्हा अठ्ठावीस जणांनी आठवड्याला दोन-दोन पेन्स बाजूला टाकून अठ्ठावीस पौंड जमवले. २१ डिसेंबर १८४४ रोजी एका गल्लीत दुकान उघडले. दुकानात माल काय? थोडे पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या. गल्लीतली पोरे हसली. पण त्यांचे नियम पक्के होते. माल शुद्ध, वजन पुरे, व्यवहार रोखीचा, प्रत्येक सभासदाला एकच मत, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. सोळा वर्षांत सभासद तीन हजारांच्या वर गेले. आज जगभर सहकाराची गोष्ट निघाली की त्या अठ्ठावीस जणांचे नाव घेतात. त्यांच्यातही आपल्यासारखेच मागावरचे लोक होते.

आपल्या देशात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला, त्यातही संस्था काढायला दहा माणसे पुरे होती. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात दहा निरनिराळ्या कुटुंबांतली दहा माणसे लागतात. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायचे काम सुरू केले, तो गटही दहा ते वीस जणांचाच. तेव्हा दहा हा आकडा हसण्यावारी नेऊ नका.

उद्यापासून काय करायचे?

आता कामाचे बोलू. एकेक करून सांगतो.

पहिले, माणसे दहा ते वीसच्या आत घ्या. एकमेकांचे घर माहीत असले पाहिजे. वीसच्या वर जात असाल तर दुसरे मंडळ काढा. फुगवू नका.

दुसरे, सुरुवातीला एकच काम हाती घ्या. आजारपण घ्या, मयत घ्या, शाळेची फी घ्या, कागदपत्रे घ्या. जे दुःख तुमच्या मजल्यावर सर्वांत जास्त आहे ते. पहिल्या दिवशी दहा उद्देश लिहिणारी मंडळे दहाव्या महिन्यात दिसत नाहीत.

तिसरे, वर्गणी सर्वांत गरीब सभासदाला झेपेल एवढीच ठेवा. आणि ती पगाराच्या दिवशीच घ्या. चार दिवसांनी घेऊ म्हणाल तर पगार उरलेला नसतो.

चौथे, महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी बसा आणि हिशेब मोठ्याने वाचा. आमच्यात ज्याला वाचता येत नाही त्याने पैसे मोजायचे आणि ज्याला येते त्याने वही वाचायची, अशी रीत आहे. दोघांचे जुळले तरच सभा संपते.

पाचवे, डब्यात थोडी रक्कम ठेवा आणि बाकीची मंडळाच्या नावाने बँकेत. खात्यावर दोघांच्या सह्या. आणि खजिनदार दर दोन वर्षांनी बदला, तो कितीही सज्जन असला तरी. सज्जन आहे म्हणूनच बदला. त्याच्यावर कुणी बोट दाखवण्याची पाळी येऊ नये.

सहावे, बाहेरच्या माणसाची ठेव घेऊ नका आणि कुणाला जादा व्याजाचे आमिष दाखवू नका. आपण सावकारीतून सुटायला निघालो आहोत, सावकार व्हायला नव्हे. मंडळ वाढले, जागा घ्यायची झाली, सरकारदरबारी मोठे काम निघाले, तेव्हा नोंदणी करा. १८६० च्या कायद्याखाली सात जणांना संस्था नोंदवता येते. पण आधी वर्षभर वही नीट चालवून दाखवा. नोंदणीच्या कागदाने हिशेब आपोआप नीट होत नाहीत.

सातवे, बायकांना वहीत घ्या. नुसते चहा करायला नव्हे. किल्ली द्या. आमच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्या मावशींकडे होती, आणि त्यांच्यामागे आज त्यांच्या सुनेकडे आहे.

शेजारची खोली

एक शेवटची गोष्ट, आणि ती थोडी टोचेल. आपल्या वाडवडलांची गावाची खोली चांगली होती, पण तिचे दार फक्त गाववाल्याला उघडत होते. जातीचे मंडळ जातीपुरते, गावाचे गावापुरते. दलित कामगाराला तर साळखात्यातही वर्षानुवर्षे शिरू दिले नाही. तुटका धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, आणि त्याचा विटाळ होतो असे आपलेच लोक म्हणत होते. मालकाला बरेच झाले. आपण आपापसात भिंती घातल्या, त्याला घालाव्या लागल्या नाहीत.

आज भिवंडीच्या मागावर शेजारी उत्तर प्रदेशचा पोरगा आहे. सोलापुरात तेलुगू बोलणारी पद्मशाली घरे पिढ्यान्‌पिढ्या कापड विणीत आली आहेत. आपण मराठीचे अभिमानी आहोत, आणि राहणार. पण हुतात्म्यांनी हे राज्य मिळवले ते कष्टकऱ्याचे राज्य व्हावे म्हणून. शेजारच्या खोलीतल्या माणसाचा हात मागात अडकला तर त्याचे रक्त कोणत्या भाषेत वाहते? त्याचे नाव वहीत घ्या. वही मराठीत लिहा. तो वाचायला शिकेल.

बंधूंनो, भगिनींनो, आमचे बोलणे संपले. आम्ही तुमच्याकडे देणगी मागायला आलो नाही. घरी जाल तेव्हा एवढेच करा. आज रात्री जेवण झाल्यावर दाराबाहेर या, आणि ज्यांच्या घरी तुम्ही रात्री दोन वाजता जाऊ शकाल अशी नावे कागदावर लिहा. दहा झाली तर येत्या रविवारी बसा. सात झाली, तरी बसा. तीनच झाली, तर त्या तिघांना विचारा, की त्यांची तीन नावे कोणती.

रिकामा डबा कुणाच्याही घरात सापडेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!

जय महाराष्ट्र!